बाईंचे अक्षर, विद्यार्थ्याचा संगणक

वाचकाचे पत्र : मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत अठ्ठावीस वर्षे चित्रकला शिकवते. शाळेच्या दर्शनी फळ्यावरचा सुविचार रोज मीच लिहिते आणि ते अक्षर पंचक्रोशीत ओळखीचे झाले आहे. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दीड वर्षापूर्वी तो म्हणाला, ‘बाई, तुमच्या अक्षराचा फॉन्ट करू या.’ मी आलेखाच्या कागदावर सुमारे चारशे अक्षरे आणि जोडाक्षरे काढून दिली. त्याने पहिला नमुना छापून पाठवला तेव्हा मला धक्काच बसला. शिरोरेघ पट्टीने ओढल्यासारखी, वळणे गुळगुळीत, पहिली वेलांटी सगळीकडे एकाच मापाची. मी म्हटले, ‘हे माझे अक्षर नव्हे.’ त्यावर तो एवढेच म्हणाला, ‘बाई, कॉम्प्युटरला असेच लागते.’ त्यानंतर दोन महिने त्याचा फोन नाही. दरम्यान एका प्रकाशकाने मुलांच्या पुस्तकांसाठी हा फॉन्ट मागितला आहे आणि नाव कोणाचे, पैसे कोणाला, असे विचारले आहे. माझा हट्ट चुकीचा आहे का? या कामात मी फक्त चित्रे पुरवणारी आहे का? आणि हिशेब कसा करावा?

सल्ला :

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा माझी नजर त्याच एका वाक्यावर अडली : ‘बाई, कॉम्प्युटरला असेच लागते.’ तुमच्या अबोल्याचे मूळ या वाक्यात आहे, कारण ते अर्धेच खरे आहे. नमुन्यात जे बदल तुम्हाला खटकले, त्यांतले काही यंत्राच्या सक्तीमुळे झाले आहेत, काही तुमच्याकडून न गेलेल्या चित्रांमुळे, आणि काही त्या मुलाने आपल्या सवयीने, बहुधा स्वतःच्याही नकळत केले आहेत. हे वेगवेगळे काढल्याशिवाय तुमचा हट्ट बरोबर की चूक, हे सांगता यायचे नाही. म्हणून आधी अक्षरांकडेच पाहू या, पैशांचे नंतर.

शिरोरेघेच्या बाबतीत तुमचा विद्यार्थी बरोबर आहे. तुम्ही फळ्यावर बहुधा आधी अक्षरे लिहून मग पूर्ण शब्दावरून एका ओढीत रेघ मारत असाल, आणि त्या रेघेला जो किंचित चढ किंवा उतार येतो तो त्या शब्दापुरता असतो. फॉन्टमध्ये शब्दाला स्वतःची रेघ नसते. प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा रेघेचा तुकडा डोक्यावर घेऊन येते, आणि कोणत्याही अक्षराशेजारी कोणतेही अक्षर येऊ शकत असल्यामुळे, सगळ्या तुकड्यांची टोके एकाच उंचीवर आणि एकाच जाडीची ठेवावी लागतात. नाहीतर दोन अक्षरांच्या मध्ये पायरी पडते किंवा फट दिसते. इथे यंत्राची सक्ती खरी आहे. मात्र ही सक्ती टोकांपुरती आहे. दोन टोकांच्या मध्ये रेघ किंचित दबलेली, खडू जरा जास्त टेकल्यासारखी जाड, असे काही ठेवायला कोणाचीच आडकाठी नाही. ही मोकळीक तुम्हाला ठाऊक नव्हती आणि तिचा उपयोग काय, हे त्याला सुचले नाही. तुम्ही दोघे एका टेबलाशी बसला असतात तर अर्ध्या तासात हे सापडले असते.

वेलांटीची गोष्ट याहून मोलाची आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. फळ्यावर ‘गिरणी’ लिहिताना तुम्ही ‘गि’च्या वेलांटीची कमान आखूड घेता, आणि ‘परिस्थिती’ लिहिताना ‘स्थि’वरची कमान अर्ध्या ‘स’वरून नेऊन ‘थ’च्या दांडीपर्यंत लांबवता. हे तुम्ही ठरवून करत नाही, हात करतो. ‘मूर्तिकार’ या शब्दात तर वेलांटीची कमान आणि रफार एकाच दांडीच्या माथ्यावर येऊन भिडतात, आणि तिथे तुम्ही रफाराला किंचित वर उचलून जागा करून देत असणार. आता तुमच्या आलेखाच्या कागदांवर पुन्हा एकदा नजर टाका. पहिली वेलांटी तुम्ही किती वेळा काढून दिली आहे? माझा अंदाज असा, की एकदाच, मुळाक्षरांच्या तक्त्यात काढतात तशी, सुटी.

मग त्या मुलाने काय करावे? संगणकात ‘कि’ साठवताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी असा क्रम असतो. पडद्यावर दाखवताना वेलांटी उचलून ‘क’च्या अलीकडे ठेवण्याचे काम सॉफ्टवेअर आणि फॉन्ट मिळून करतात. वेलांटीची पाच-सहा रुंदीची रूपे फॉन्टमध्ये ठेवून, कोणत्या अक्षरापुढे कोणते रूप यावे, याचा नियम लिहिता येतो, आणि देवनागरीचे चांगले फॉन्ट तसेच घडवलेले असतात. पण नियम लिहिण्याआधी ती रूपे हवीत, आणि ती फक्त तुमच्या हातात आहेत. तुम्ही एक दिलीत, त्याने सगळ्यांना बसेल अशा मधल्या मापाला ती आणली. तुम्हाला ते अक्षर परके वाटले ते योग्यच होते, पण त्यात त्याने तुमचे काही मोडले नव्हते. तुमच्या हाताला जे ठाऊक आहे ते कागदावर उतरलेच नव्हते.

उरतात वळणे, आणि इथे मी तुमच्या बाजूचा आहे. फॉन्ट घडवताना अक्षराची कड बिंदू आणि वक्ररेषांनी बांधतात. स्कॅन केलेल्या चित्रातून यंत्र आपोआप कड काढते तेव्हा शेकडो अनावश्यक बिंदू पडतात, म्हणून कोणताही शिस्तीचा अभियंता ते कमी करतो. नेटके काम करणे हा त्याचा धर्मच आहे. पण त्यातला कोणता बिंदू कचरा आहे आणि कोणता म्हणजे खडूची तिरकी घासलेली कड ‘क’च्या पोटात वळताना सोडत असलेला कोपरा आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. तुम्ही लिहिण्याआधी खडूचे टोक फळ्याच्या चौकटीवर घासून तिरके करून घेता का? घेत असाल तर तुमच्या अक्षराचा जाड-बारीकपणा त्या एका कृतीतून येतो, आणि तो मुलगा शाळेत असताना ती कृती त्याने रोज पाहिली असली तरी, बिंदू पुसताना ती त्याच्या डोळ्यांपुढे नव्हती. हट्ट धरायचाच असेल तर इथे धरा, आणि पूर्ण धरा.

तुमचे पत्र वाचताना मला एक जुने सहकार्य सारखे आठवत होते, कारण त्याचा विषयही हाताने लिहिलेले अक्षर हाच होता. डॉनल्ड कनूथ हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ. १९७७ साली आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली तेव्हा त्यांतली छपाई पाहून ते इतके नाराज झाले, की त्यांनी अक्षरजुळणीची आणि अक्षरे घडवण्याची संगणकप्रणाली स्वतःच लिहायला घेतली. लेखणीचा आकार आणि तिचा मार्ग गणिताने सांगितला की अक्षर तयार होईल, अशी त्यांची कल्पना होती. इंग्रजी ‘एस’ने त्यांना विलक्षण छळले. त्या वळणाचे समीकरण जमेना, तेव्हा त्यांच्या पत्नीने विचारले, की त्याला ‘एस’सारखाच आकार का देत नाहीस? हा किस्सा कनूथ स्वतः सांगत आले आहेत, आणि तो सांगताना त्यांनी आपली अडचण लपवलेली नाही, याचे मला फार मोल वाटते.

पुढे १९८०च्या सुमारास अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने गणितासाठी नवा टाइप करण्याचे काम हेर्मान त्साप्फ यांच्याकडे सोपवले, आणि कनूथ त्यांचे सहकारी झाले. त्साप्फ हे जर्मनीतले थोर सुलेखनकार, पॅलाटिनो आणि ऑप्टिमा या टाइपांचे कर्ते. ज्या गणितज्ञाचे हस्ताक्षर अतिशय सुंदर आहे, त्याने फळ्यावर लिहिल्यासारखे गणित छापले जावे, ही त्या टाइपमागची कल्पना होती. बाई, तुमचा प्रकल्प वेगळ्या लिपीतला तोच प्रकल्प आहे. त्साप्फ चित्रे काढून पाठवत, स्टॅनफर्डमधले विद्यार्थी ती संगणकात उतरवत, नमुने जर्मनीला जात, आणि त्यांवर दुरुस्त्या होऊन ते परत येत. लेखणीचा मार्ग सांगण्याची कनूथ यांची लाडकी पद्धत त्साप्फ यांच्या अक्षरांना पुरेनाशी झाली, तेव्हा ती बाजूला ठेवून त्या मंडळींनी अक्षरांच्या कडाच बिंदू-बिंदूंनी बांधल्या. कामाला काही वर्षे लागली. ऑयलर या नावाने तो टाइप आजही वापरात आहे. मला त्यातली लक्षात ठेवण्याजोगी बाब ही वाटते, की ज्याची प्रणाली होती त्याने आपल्या प्रणालीचा आग्रह सोडला, आणि ज्याचे अक्षर होते त्याने शेकडो दुरुस्त्या, कंटाळा न करता, अक्षरागणिक केल्या. ‘हे माझे अक्षर नव्हे’ असे एका वाक्यात सांगून त्साप्फ थांबले असते, तर समोरच्या विद्यार्थ्यांना त्यातून काहीच करता आले नसते.

तुमच्या जोडीत आणखी एक अडचण आहे, आणि ती तुम्ही पत्रात न लिहिताही मला दिसली. तो तुम्हाला ‘बाई’ म्हणतो. ज्या बाईंनी हात धरून रेघ ओढायला शिकवली त्यांना ‘हे असे होणार नाही’ असे तोंडावर सांगणे आपल्याकडे कोणत्याही विद्यार्थ्याला जड जाते. म्हणून तो कारण समजावून न सांगता ‘कॉम्प्युटरला असेच लागते’ म्हणून मोकळा झाला, आणि तुम्ही नाराज झालात हे कळल्यावर वाद घालण्याऐवजी गप्प बसला. या शांततेला उद्धटपणा समजू नका. माझ्या मते तो घाबरला आहे. आणि तुमच्या बाजूने पाहिले तर, अठ्ठावीस वर्षे वर्गात उत्तरे देणाऱ्या माणसाला ‘मला हे कळले नाही, पुन्हा सांग’ असे आपल्याच विद्यार्थ्याला म्हणणे सोपे नाही. पण या कामात तुम्हाला तसे म्हणावे लागेल, आणि ते पहिल्यांदा तुम्ही म्हणालात तरच तो मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकेल.

असा ‘नाही’ कधीकधी कामाला नवी वाट काढून देतो. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अँडी वॉरहॉल या चित्रकाराला हवेत तरंगणारा विजेचा दिवा करायचा होता. बेल लॅब्जमधले अभियंते बिली क्लूव्हर यांनी हिशेब मांडून सांगितले, की बॅटरीच्या वजनामुळे दिवा तरंगणार नाही. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. शोधताना सापडलेला एक हलका, चंदेरी प्लास्टिकचा पापुद्रा त्यांनी वॉरहॉल यांच्यापुढे ठेवला. त्यातून हेलियम भरलेल्या चंदेरी उशा झाल्या आणि १९६६ साली त्या प्रदर्शनात तरंगल्या. दिवा कोणाच्याच लक्षात राहिला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात दहा कलावंत आणि सुमारे तीस अभियंते यांनी मिळून नऊ संध्याकाळी प्रयोग केले, आणि त्यातून अशा जोड्या जुळवणारी एक संस्थाच उभी राहिली. तिच्या मुळाशी क्लूव्हर यांचा एक साधा आग्रह होता, की अभियंत्याला कलावंताच्या खोलीत नुसता नोकर म्हणून नेऊ नये.

तुमच्या कामात अशी वाट कुठे निघेल, हे मला इथे बसून दिसत नाही, पण एक शक्यता सुचवतो. हाताचे अक्षर दर वेळी थोडे निराळे पडते. तुमच्या फळ्यावरचे दोन ‘र’ कधीच तंतोतंत सारखे नसतात. नेहमी येणाऱ्या अक्षरांची दोन-तीन रूपे तुम्ही काढून दिलीत, तर शेजारची अक्षरे पाहून ती आळीपाळीने यावीत असा नियम फॉन्टमध्ये बसवता येतो. हे खटाटोपाचे आहे, त्याचा वेळ मागून घ्यावा लागेल, पण तुम्हाला जो जिवंतपणा हरवल्यासारखा वाटतो, त्यातला बराचसा इथून परत येईल. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे मात्र आताच तपासून घ्या. ती हिंदी वळणांवर गेलेली असतील तर मुलांच्या पुस्तकात ती चालणार नाहीत.

आता नावाचे. विंडोज २०००पासून संगणकावर जो ‘मंगल’ फॉन्ट येऊ लागला, त्यात आपल्यापैकी लाखो लोकांनी पहिल्यांदा युनिकोड मराठी टंकित केले असेल. त्याचे कर्ते र. कृ. जोशी हे कवी, सुलेखनकार, जाहिरातकलेत आयुष्याचा मोठा काळ घालवलेले आणि पुढे आय.आय.टी. मुंबईत शिकवणारे प्राध्यापक. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत त्यांनी संगणकतज्ज्ञांबरोबर बसून भारतीय लिप्यांचे काम केले. २००८ साली ते गेले. रोज मंगलमध्ये अर्ज आणि पत्रे लिहिणाऱ्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक आहे? टाइप करणाऱ्यांची नावे अशी हरवतात, आणि त्यांच्याबरोबर नियम लिहिणाऱ्या अभियंत्यांची तर कधी नोंदच होत नाही. म्हणून मी आग्रहाने सांगतो, की फॉन्टच्या फाइलमध्ये जी माहितीची जागा असते तिथे, आणि प्रत्येक पुस्तकाच्या श्रेयपानावर, दोन्ही नावे एकाच आकारात असावीत : अक्षररचना तुमची, संगणकीय घडण त्याची. वेलांटीची कोणती रूपे कुठे यावीत हे ठरवणारा माणूस अक्षराच्या दिसण्याचाच निर्णय घेत असतो. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की तुम्ही चित्रे पुरवणाऱ्या नाही, आणि तोही चित्रे गिरवणारा नाही.

पैसे निम्मे-निम्मे करा. चित्रांचे तास आणि संगणकाचे तास मोजून टक्के काढायला बसलात तर मने कडू होतील; मी हे होताना पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका सुलेखन प्रकल्पात माझी आणि एका संगणकतज्ज्ञ मित्राची जोडी होती. आम्ही काहीच लिहून ठेवले नव्हते. काम ज्यात चालले होते ती मूळ फाइल फक्त त्याच्या संगणकावर होती, माझ्याकडे नुसता तयार फॉन्ट. आमचे बिनसले आणि पुढे एका जोडाक्षराची चूक सुधारायची झाली, तेव्हा ती कोणालाच सुधारता आली नाही. तो फॉन्ट आज पडून आहे, आणि त्याचे मला अजूनही वाईट वाटते. मूळ फाइलच्या दोन प्रती, एक तुमच्याकडे आणि एक त्याच्याकडे, हे कलम मी पैशांच्याही वर लिहीन.

प्रकाशकाला घाईने होकार देऊ नका. त्याला फॉन्ट वापरण्याची परवानगी द्या, हक्क विकू नका, आणि ती परवानगी कोणत्या पुस्तकांसाठी व किती वर्षांसाठी, हे लिहून घ्या. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी करावे लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. हक्क दिल्यानंतरही कृती आपली आहे हे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार कायम राहतो. विद्यार्थ्याला एक गोष्ट जरूर विचारा : त्याच्या नोकरीच्या करारात, मोकळ्या वेळात केलेल्या कामावरही कंपनीचा हक्क राहील, असे काही कलम आहे का? नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क सहसा मालकाकडे जातो. त्यामुळे त्याने हे काम स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या वेळेत केलेले असणे बरे. पुढे कधी हा फॉन्ट शाळांना मोफत द्यावा असे वाटले, तर मुक्त फॉन्टसाठी तयार परवाने आहेत. त्यांत तुमची नावे राहतात आणि वापर सर्वांना खुला होतो. पण तो निर्णय दोघांचा असावा, आणि प्रकाशकाशी करार होण्याआधीचा असावा, कारण एकदा मोकळे केलेले परत घेता येत नाही. सह्या करण्यापूर्वी एखाद्या जाणत्या वकिलाला कागद दाखवा.

फोन तुम्हीच करा, कारण तो करणार नाही. त्याला सुट्टीच्या दिवशी शाळेत बोलवा, लॅपटॉप घेऊन, आणि फळ्यासमोर बसा. तुम्ही खडू घासून ‘गिरणी’, ‘परिस्थिती’, ‘व्यक्तिमत्त्व’, ‘मूर्तिकार’ असे दहा-बारा शब्द त्याच्यादेखत सावकाश लिहा. त्याने ते तुमच्या शेजारी उभे राहून पाहावेत आणि जिथे हात वेगळा चालला तिथे तुम्हाला थांबवून विचारावे. मग तेच शब्द फॉन्टमध्ये मोठे करून पाहा, आणि प्रत्येक फरकापाशी त्याला विचारा, की हे यंत्रामुळे आहे, चित्र नसल्यामुळे आहे, की तुला असे बरे वाटले म्हणून आहे. तिसऱ्या उत्तराला रागावू नका. क्वचित त्याचे बरोबरही असेल. तुम्ही दोघांनी मिळून केलेला नवा ‘स्थि’ छापून झाला, की त्याची एक प्रत मला अवश्य पाठवा.